बंद इंजिनात शिरणारे पाणी

भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारी तलावाच्या पाळीवरून नळी टाकून खालच्या बांधीत पाणी उतरविण्याची युक्ती येथील धान उत्पादकास नवी नाही. नळी एकदा पूर्ण भरली व तिचे पलीकडचे तोंड तलावाच्या पातळीखाली राहिले, की पाणी पाळीची उंची चढून आपोआप वाहत राहते. यालाच सायफन म्हणतात. (कालवा नाल्याखालून नेणाऱ्या बांधकामासही पाटबंधारे खात्यात सायफन हेच नाव आहे; परंतु तो प्रकार निराळा.) शेतात उपयोगी पडणारी ही क्रिया बोटीत नकळत घडली, तर मात्र चांगले इंजिन एका रात्रीत निकामी होते.

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे वैनगंगेवरील धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. त्या धरणाचे पाणी आज भंडारा शहरापर्यंत पसरलेले आहे. एवढ्या विस्तीर्ण जलाशयावर वल्ह्यांच्या डोंग्यापुरते भागत नाही. यांत्रिक बोटी येतात आणि त्यांच्या देखभालीचा प्रश्नही येतो. ज्या लहान बोटींचे इंजिन मागच्या बाजूस बाहेर टांगलेले असते, त्यांना येथे वर्णिलेला धोका नाही. हा धोका आहे तो मोठ्या बोटीच्या पोटात बसविलेल्या व नदीच्याच पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला.

अशा इंजिनाचा पंप बोटीच्या तळातील छिद्रातून पाणी ओढतो. ते पाणी इंजिनाची उष्णता घेऊन शेवटी धुराच्या नळीत सोडले जाते व धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडते. इंजिन चालू असेतोवर धुराचा जोर पाण्याला बाहेर ढकलीत असतो. इंजिन बंद होताच तो जोर संपतो, पण नळी भरलेलीच राहते. पाणी धुराच्या नळीत जेथे सोडले जाते ती जागा बाहेरील पाण्याच्या पातळीखाली असेल, तर सायफन सुरू होतो. पंपातील रबरी पंखा पाणी अडवील, हा भरवसा फोल आहे. झिजलेल्या पात्यांतून ते हळूहळू झिरपतेच. सायलेन्सर भरतो, पाणी वर चढते आणि उघड्या राहिलेल्या झडपेतून सिलिंडरमध्ये उतरते. बोटीचा तळ मात्र कोरडाच असतो, त्यामुळे नावाड्याला शंकाही येत नाही. सकाळी तो स्टार्टर दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; दट्ट्या अडतो व कनेक्टिंग रॉड वाकतो.

उपाय साधा आहे. पाण्याची नळी धुराच्या नळीला मिळण्यापूर्वी उंच वळसा घालून न्यावी. वळशाचा माथा बाहेरील पाण्याच्या पातळीपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर वर, बोटीच्या मध्यरेषेजवळ असावा. मात्र केवळ वळसा पुरेसा नाही. पाळ चढून जाणारे पाणी वळसाही चढून जाईल! माथ्यावर हवा आत घेणारी लहान झडप हवीच. पाळीवरील नळीला माथ्यावर भोक पडले की धार तुटते, हे शेतकऱ्याने पाहिलेले असते. झडपेचे काम नेमके तेच. उंची मोजावयाची ती रिकाम्या बोटीत नव्हे. सर्व उतारू बसले म्हणजे बोट खाली दबते व काठावर सुरक्षित वाटणारी जागा पाण्याखाली जाते. जलाशयाची पातळी वाढली वा घटली, तरी त्याने मात्र काही फरक पडत नाही, कारण बोट पाण्याबरोबरच वरखाली होते.

ही झडप बसवून विसरण्याची वस्तू नव्हे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते. त्यात गाळ व जलपर्णीची भर. अशा पाण्यात झडप चिकटून बसते. उघडी चिकटली, तर इंजिनावर पाणी उडते, आणि मग कोणीतरी ती लाकडी खुंटी ठोकून बंद करतो. याहून वाईट दुरुस्ती नाही. झडप ठराविक काळाने उघडून स्वच्छ पाण्याने धुवावी व फुंकून पाहावी; हवा एकाच दिशेने गेली पाहिजे.

पाणी शिरण्याची दुसरी वाट स्टार्टरची. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर पुन:पुन्हा दाबला, की पंप पाणी टाकीत राहतो. ते बाहेर ढकलण्यास धूर नसतो. अशा वेळी तळाचा कॉक बंद करावा, सायलेन्सरमधील पाणी काढावे आणि इंजिनाने पेट घेताच कॉक त्वरित उघडावा. अन्यथा कोरडा फिरून पंखा जळेल. रात्री बोट बांधतानाही कॉक बंद करावा व इंजिनाची किल्ली त्यावरच अडकवावी, म्हणजे सकाळी तो उघडण्याचा विसर पडणार नाही.

पाणी शिरल्याची शंका आल्यास स्टार्टरला हात लावू नये. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवावे व पाणी बाहेर येऊ द्यावे. ऑइल दुधाळ दिसल्यास ते बदलावे, आणि दुधाळपणा जाईपर्यंत पुन्हा बदलावे. हे काम दुसऱ्या दिवसावर टाकू नये, कारण सिलिंडरला गंज चढण्यास फार वेळ लागत नाही.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ अन्वये यांत्रिक बोटींची पाहणी व नोंदणी आवश्यक आहे. तथापि नोंदणीचा कागद झडप धूत नाही. मच्छीमार संस्था अथवा ग्रामपंचायत बोट घेणार असेल, तर पाण्याच्या नळीचा नकाशा विक्रेत्याकडून आधीच मागावा व पूर्ण भारातील पाण्याची रेषा त्यावर आखून घ्यावी. शाळेत हा धडा दोन बादल्या व एका पारदर्शक नळीने शिकविता येतो: पाणी वाहू लागले, की नळीच्या माथ्यावर सुईने छिद्र पाडावे आणि काय होते ते मुलांनाच पाहू द्यावे.