चकचकीत केस आणि कंपनीचा दाखला

प्रश्न : पाटेक फिलिपचे १५१८ मॉडेलचे जुने घड्याळ विकाऊ आहे. केस नव्यासारखी चकचकीत, सोबत कंपनीचा दाखलाही आहे. घ्यावे का?

उत्तर : घाई नको. खरे तर चकाकीनेच मला शंका येते. १९४१ मध्ये आलेले १५१८ म्हणजे पर्पेच्युअल कॅलेंडर (लीप वर्ष धरून तारीख दाखवणारी यंत्रणा) आणि क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच) एकत्र असलेले, मालिकेत तयार झालेले पहिले मनगटी घड्याळ. एकूण २८१ बनली, बहुतेक सोन्याची. स्टीलची चारच ज्ञात आहेत. त्यांतले एक २०१६ साली जिनिव्हात १.१ कोटी स्विस फ्रँकांना गेले. स्टीलचे कोणी ‘स्वस्तात’ देऊ केले, तर नमस्कार करून उठा.

दाखला घड्याळ कधी बनले, कधी विकले गेले हे सांगतो. आजची तबकडी मूळचीच आहे का, ते नाही. म्हणून भिंग घ्या. तबकडीवर कंपनीचे नाव कोरून त्यात मीना भरून भाजलेला असे. अक्षरे किंचित उठावदार दिसतात. सपाट छापील दिसली तर तबकडी नव्याने रंगवलेली समजा. पट्टा अडकतो त्या टोकांच्या कडा आणि सोन्यावरचे छाप पॉलिशने बोथट झाले असतील, तर भाव चांगलाच पाडून मागा. तारीख मध्यरात्रीच्या सुमारास आपोआप बदलते; त्या वेळी कडेची बटणे दाबू नका. आणि हो, २१०० हे लीप वर्ष नाही हे या यंत्राला ठाऊक नसते. ती दुरुस्ती नातवंडांकडे सोपवा.