माईकचं बटण खरं की चित्रातलं?

प्रश्न : माझा मुलगा सांगतो, की परदेशात काही ‘पर्यायी’ स्मार्टफोन मिळतात. त्यांना माईक आणि कॅमेरा तोडणारं खरंखुरं बटण असतं, बॅटरी हाताने निघते. पण साध्या फोनमध्ये गूगल नसलेली सिस्टीम टाकली तर तेच साधत नाही का? हार्डवेअरचा एवढा आग्रह कशाला? आणि असा फोन घ्यायचाच झाला, तर काय पाहून घ्यावा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सिस्टीम बदलून पुष्कळ साधतं, हे तुमचं बरोबर आहे. पण सिस्टीम आज नावडली तर उद्या दुसरी टाकता येते. बोर्डावर सोल्डर झालेली चिप आणि गोंदाने चिकटवलेली बॅटरी मात्र फोन असेपर्यंत तशीच राहते. म्हणून पर्यायी फोन शोधणारे लोक आधी हार्डवेअरची यादी काढतात.

त्या यादीत सगळ्यात वर असतं तुमच्या मुलाने सांगितलेलं बटण. नेहमीच्या फोनमध्ये आपण पडद्यावर माईक बंद करतो, तेव्हा खरं तर सिस्टीमला सांगत असतो, की तो बंद ठेव. सिस्टीम धड असेल तर ऐकते. तिच्यात कुणी घुसलं असेल, तर बंदचं चिन्ह दिसत असतानाही माईक चालू राहू शकतो. खरं बटण त्या भागाची वीजच तोडतं. घराचा मेन स्विच पाडल्यावर रिमोट कितीही दाबला तरी पंखा फिरत नाही, तसंच हे.

अमेरिकेतल्या प्युरिझम कंपनीने २०१७ मध्ये लोकवर्गणी काढून ‘लिब्रेम ५’ हा फोन करायला घेतला. त्याच्या कडेला अशी तीन बटणं आहेत : एक वायफाय-ब्लूटूथचं, एक मोबाइल नेटवर्कचं आणि एक कॅमेरा-माईकचं. तिन्ही एकदम बंद केली, की जीपीएस आणि हालचाल टिपणारे सेन्सरही बंद पडतात. सेन्सर कशाला बंद करायचे, असं वाटेल. फोन कुठे वळला हे मोजणारा जायरोस्कोप आवाजाच्या कंपनांनाही थोडा प्रतिसाद देतो. त्याच्या नोंदींवरून जवळच्या बोलण्यातले काही शब्द ओळखता येतात, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये दाखवून दिलं. तेव्हा जायरोस्कोप वापरायला ॲपला आपली परवानगीही लागत नव्हती.

‘पाईनफोन’ या स्वस्त फोनमध्ये असे सहा स्विच आहेत, पण ते मागच्या झाकणाखाली आणि नखाने सरकवावे लागतील इतके बारीक. त्यातला सहावा गमतीचा आहे. तो सरकवला, की हेडफोनच्या भोकातून फोन थेट संगणकाशी जोडता येतो आणि आतला बिघाड तपासता येतो. हौशी माणसाला हे आवडेल. पण दर बैठकीआधी झाकण काढायचं म्हटलं, तर चार दिवसांत कंटाळा येईल. बटण असावं तर ते बाहेरच्या कडेला असावं.

आता तुमच्या मूळ शंकेचं उत्तर. सिमशी बोलणारा मोडेम हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याचं सॉफ्टवेअर चिप बनवणाऱ्या कंपनीचं आणि बंदिस्त असतं. वरची सिस्टीम बदलली तरी ते जागचं हलत नाही. नेहमीच्या फोनमध्ये हा मोडेम बहुधा मुख्य प्रोसेसरच्याच चिपमध्ये बसवलेला असतो. चांगल्या चिपमध्ये दोघांच्या मध्ये आडभिंती असतात, पण त्या पक्क्या आहेत हे आपण कंपनीच्या शब्दावर मानायचं. लिब्रेम आणि पाईनफोनमध्ये मोडेम वेगळा असतो आणि यूएसबीच्या वाटेने जोडलेला असतो, त्यामुळे त्याला मुख्य मेमरीत थेट शिरता येत नाही. लिब्रेममध्ये तर तो कार्डासारखा काढून बदलताही येतो. या वेगळेपणाची किंमतही मोजावी लागते. लिब्रेम सुमारे दीड सेंटीमीटर जाड आहे, आणि चिपा विखुरल्या की वीजही जास्त खर्च होते. शिवाय मोडेम चालू आहे तोवर तुमचा फोन कुठल्या टॉवरखाली आहे हे नेटवर्क कंपनीला कळणारच. ते थांबवायला माईकचं नव्हे, मोडेमचं बटण लागतं.

बॅटरीचं तर सगळ्यांनाच पटेल. फोन म्हातारा होण्याआधी बॅटरी म्हातारी होते. ॲमस्टरडॅमच्या फेअरफोनने २०२३ मध्ये आणलेल्या ‘फेअरफोन ५’ची बॅटरी हाताने निघते. पडदा, कॅमेरा, चार्जिंगची खाच असे सुटे भाग साध्या स्क्रू ड्रायव्हरने घरीच बदलता येतात. झाकण उघडणारा फोन पाण्यात टिकत नाही, असं दुकानदार सांगतील, पण सॅमसंगने २०२४ मध्ये भारतातही आणलेल्या ‘गॅलेक्सी एक्सकव्हर ७’ची बॅटरी निघते आणि तो आयपी६८ दर्जाचा जलरोधकही आहे. म्हणजे अडचण तंत्राची नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवे नियम लागू झाले आहेत. तिथे विकायच्या फोनची बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यावरही निदान ८० टक्के क्षमतेची राहिली पाहिजे, आणि त्या मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत.

हेडफोनचं गोल भोक आणि मेमरी कार्डाची खाच यांचीही मागणी असते. फोनमधल्या एफएम रेडिओला हेडफोनची वायरच अँटेना म्हणून लागते. पूर आला, टॉवर बंद पडले, तरी आकाशवाणी ऐकू येते, म्हणून एफएम बंद ठेवू नका, असं केंद्र सरकारने २०२३ मध्ये फोन कंपन्यांना कळवलं होतं. मात्र पर्यायी म्हणवणाऱ्या सगळ्याच फोनना हे भोक असतं असं नाही. फेअरफोननेच २०२१ च्या ‘फेअरफोन ४’पासून ते काढून टाकलं आणि त्यावर बरीच टीका ओढवून घेतली.

असा फोन सांगलीत चालेल का? प्युरिझम, पाईनफोन बनवणारी पाईन६४ आणि फेअरफोन यांची भारतात अधिकृत विक्री नाही. म्हणजे फोन बाहेरून आणायचा, जकात भरायची आणि दुरुस्ती स्वतःच पाहायची. त्याहून मोठी अडचण नेटवर्कची. जिओकडे टूजी-थ्रीजी नाही, सगळे कॉल फोरजी-फाइव्हजीवरूनच जातात. फोनच्या मोडेमला त्या कंपनीचं व्हीओएलटीई, म्हणजे फोरजीवरून कॉल करणं, जमत नसेल, तर इंटरनेट चालेल पण फोन लागणार नाही. भारतात ३, ५ आणि ४० हे फोरजी बँड महत्त्वाचे. युरोप-अमेरिकेसाठी बनवलेल्या फोनमध्ये ते सगळे असतीलच असं धरून चालू नका. आणि यूपीआयची ॲप अँड्रॉइड आणि आयफोनसाठी असतात. लिब्रेम आणि पाईनफोन लिनक्सवर चालतात, त्यामुळे भाजीवाल्याचा क्यूआर स्कॅन करायला दुसरा फोन खिशात ठेवावाच लागेल.

तेव्हा रोजच्या वापरासाठी लिब्रेम किंवा पाईनफोन मागवू नये, असं माझं मत. ज्यांना फोन उघडून शिकायचं आहे, त्यांनी जरूर घ्यावा. बाकीच्यांनी पुढचा फोन घेताना चार गोष्टी विचाराव्यात : बॅटरी बदलून मिळते का आणि किती वर्षं, मेमरी कार्ड बसतं का, हेडफोनची वायर थेट लागते का, आणि बूटलोडर उघडता येतो का. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना कुठली सिस्टीम चढवायची हे ठरवणारं कुलूप. ते कंपनीने कायमचं बंद ठेवलं असेल, तर तुम्ही म्हणता तशी गूगलविरहित सिस्टीम टाकायचा प्रश्नच मिटतो. माईक तोडणारं बटण आपल्या दुकानांतल्या फोनवर सध्या तरी दिसत नाही. ते यावं असं वाटत असेल, तर दुकानदाराला विचारत राहा. युरोपातले नियमही ग्राहकांनी लावून धरल्यानंतरच आले.