भोंगा वेळेवर वाजण्यासाठी : ब्लॉकिंग कॉलबाबत काय करावे, काय टाळावे

२३ जुलै २०२१च्या पुराने गोव्यात डिचोली, पेडणे आणि सत्तरीतील वस्त्यांत पाणी शिरले. साखळीला वाळवंटी नदीची धास्ती असते, तर तिळारीचे पाणी वाढले की साळ, इब्रामपूर भागात जागरण होते. आता गोव्यातील शाळांत कोडिंग व रोबोटिक्स शिकवले जाते. त्यामुळे नदीची पातळी मोजून भोंगा वाजवणारे यंत्र विद्यार्थ्यांनाही बनवता येते.

अशा यंत्रातला आर्डुइनोसारखा बोर्ड एका वेळी एकच काम करतो. पातळी वाचणे, भोंगा वाजवणे, एसएमएस पाठवणे, पडद्यावर आकडा दाखवणे ही सगळी कामे एकाच रांगेतून जातात. काम पुरे होईपर्यंत पुढच्या ओळीवर जाऊ न देणारा आदेश म्हणजे ब्लॉकिंग कॉल. तो अडला की अख्खी रांग अडते. पडद्यावर कोणतीही चूक दिसत नाही, फक्त इशारा उशिरा मिळतो. पुराच्या यंत्रात उशीर हीच चूक आहे.

काय करावे

१. आधी मुदती ठरवा. प्रत्येक कामाला जास्तीत जास्त किती उशीर चालेल ते कागदावर लिहा. उदाहरणार्थ, पातळी दर सेकंदाला वाचायची, धोक्याची पातळी ओलांडल्यावर भोंगा दोन सेकंदांत वाजवायचा, एसएमएस अर्ध्या मिनिटाने गेला तरी चालेल.

२. थांबू नका, घड्याळ बघा. मिलिस() हे फंक्शन बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगते. प्रोग्रामच्या मुख्य लूपच्या प्रत्येक फेरीत वेळ झाली का ते तपासा. झाली नसेल तर पुढच्या कामाकडे वळा.

३. वेळेची तुलना वजाबाकीने करा. मिलिस()चा आकडा सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. १ जूनला सुरू केलेल्या यंत्रात हा क्षण २० जुलैच्या सुमारास, ऐन पावसात येतो. ‘आत्ताची वेळ वजा मागची वेळ’ ठरलेल्या अंतराएवढी झाली का, असे विचारले आणि दोन्ही वेळा अनसाइन्ड लाँग प्रकारात ठेवल्या, तर हिशेब बिघडत नाही. मागच्या वेळेत अंतर मिळवून केलेली तुलना मात्र नेमकी तेव्हा चुकते.

४. प्रत्येक प्रतीक्षेला मर्यादा घाला. अल्ट्रासोनिक सेन्सरचा प्रतिध्वनी मोजणारे पल्सइन() मर्यादा न दिल्यास एक सेकंदापर्यंत अडून राहते. चार मीटरवरच्या पाण्यावरून ध्वनी परतायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, म्हणून ३० मिलिसेकंदांची मर्यादा पुरे. प्रतिध्वनी आला नाही तर हे फंक्शन शून्य देते. ते शून्य अंतर समजलात, तर पाणी सेन्सरला टेकल्याचा खोटा इशारा जाईल. अशी वाचने वेगळी मोजा. ती सलग येऊ लागली तर सेन्सर बिघडल्याची खूण दाखवा.

५. लांब काम पायऱ्यांत तोडा. एसएमएस पाठवणाऱ्या जीएसएम मॉड्यूलला आदेश देणे, उत्तराची वाट पाहणे, मजकूर पाठवणे आणि खात्री करणे या चार वेगळ्या अवस्था धरा. दर फेरीत एकच लहान पाऊल टाका आणि बाहेर पडा.

६. आधी भोंगा, मग संदेश. वादळी पावसात मोबाइलचे जाळे सर्वांत आधी जाऊ शकते. जागेवरचा इशारा त्याच्यावर अवलंबून ठेवू नका.

७. वॉचडॉग चालू ठेवा. प्रोग्राम अडकला तर तो बोर्ड पुन्हा सुरू करतो. आर्डुइनो ऊनोवर त्याची कमाल मुदत आठ सेकंद आहे.

८. सर्वांत लांब फेरी मोजा. सरासरी बघून भागत नाही. सिमकार्ड काढा, सेन्सरची तार सोडवा, वाय-फाय बंद करा आणि प्रत्येक वेळी भोंगा मुदतीत वाजतो का ते पाहा.

काय टाळावे

१. मुख्य फेरीत डिले() नको. दिवा लुकलुकवण्यासाठी दिलेला एक सेकंद पातळीच्या वाचनातून जातो.

२. वाय-फाय जोडले जाईपर्यंत फिरणारे व्हाइल नको. राउटर बंद असेल तर यंत्र तिथेच अडकेल. एकदा प्रयत्न करा, नाही जमले तर काही वेळाने पुन्हा करा.

३. इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून धावणाऱ्या फंक्शनमध्ये, लांब काम नको. तिथे फक्त एक व्होलाटाइल खूण लावा. बाकीचे मुख्य फेरीत करा.

४. छापण्याचा मारा नको. ९६०० बॉडला एक अक्षर जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. ऊनोचा ६४ बाइटांचा बफर भरला की सिरियल.प्रिंट()देखील अडते.

५. लायब्ररीवर आंधळा विश्वास नको. तापमान बदलले की ध्वनीचा वेग बदलतो, म्हणून अनेक जण तापमान मोजणारा डीएस१८बी२० सेन्सर जोडतात. बारा बिटांच्या मोजणीला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो आणि प्रचलित लायब्ररी तेवढा वेळ थांबते. न थांबण्याची सोय तिच्यातच आहे, ती वापरा.

६. थांबलेल्या लूपमध्ये वॉचडॉगला ‘सर्व ठीक’ सांगू नका. तसे केल्यास अडकलेले यंत्रही निरोगी दिसते. हा संकेत मुख्य फेरीच्या शेवटी, एकाच जागी ठेवा.

७. घाईने दुसरा थ्रेड नको. ईएसपी३२मध्ये दोन कोअर असतात, पण दोन कामे एकाच आकड्याला हात लावू लागली की पकडायला कठीण अशा चुका शिरतात. बहुतेक वेळा पायऱ्या आणि मर्यादा पुरतात.

यंत्र मे महिन्यातच सलग काही दिवस चालवून पाहा. मिलिस() शून्यावर येण्याची चाचणी ४९ दिवस न थांबता करता येते : वेळेत मोठा आकडा मिळवून तो क्षण मुद्दाम जवळ आणा. सरकारी पूर-इशाऱ्याची जागा शाळेचे यंत्र घेत नाही, तरी त्याचा भोंगा ऐकून शेजारी उठणार आहेत. म्हणून प्रत्येक ओळीला विचारा, ‘तू जास्तीत जास्त किती वेळ घेणार?’ ज्या ओळीचे उत्तर मिळत नाही, ती नदीकाठी नेऊ नका.