एका दिवसात तीन अधिवास : दिल्लीच्या परिसरातील पक्षिनिरीक्षण

दिल्ली म्हटले की लाल किल्ला, कुतुबमिनार, संसद भवन आणि अलीकडच्या काळात हिवाळ्यातील दूषित हवा एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. याच महानगरात व त्याच्या आसपास पक्ष्यांच्या साडेचारशेच्या आसपास जाती नोंदविल्या गेल्या आहेत, हे सांगितले तर अनेकांचा विश्वास बसत नाही. याचे कारण भूगोलात दडलेले आहे. यमुनेचे पात्र व तिच्या भोवतालची पाणथळ जागा, हरियाणाकडील सपाट माळ आणि अरवली पर्वतरांगेचे अखेरचे टोक हे तीन अगदी भिन्न अधिवास येथे तास-दोन तासांच्या अंतरावर एकत्र येतात. हिमालयही फार दूर नाही. जानेवारीतील एका रविवारी जाणत्या मार्गदर्शकासोबत हे तिन्ही अधिवास पाहण्याचा योग आला. त्या दिवसाचा अभ्यास म्हणून हा लेख.

आरंभी थोडे साधनांविषयी. दुर्बिणीवर ८ × ४२ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये दर्शवितो. दुसऱ्यास पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. येथे ती सव्वापाच मिलिमीटर होते. पहाटेच्या मंद उजेडात ही रुंदीच उपयोगी पडते, म्हणून नवशिक्याने पंधरा-वीस पट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीच्या मोहात पडू नये. शिवाय अशा दुर्बिणीत हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो! पक्षी दिसला की प्रथम रंग पाहू नये, असा आमच्या मार्गदर्शकांचा दंडक होता. आधी आकार पाहायचा: चिमणीएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच, पाय, शेपटी आणि बसण्या-चालण्याची लकब. रंग सर्वांत शेवटी, कारण प्रकाश रंगाच्या बाबतीत फार फसवितो.

गुरुग्रामपासून सुमारे १५ किलोमीटरवर असलेल्या सुलतानपूर राष्ट्रीय उद्यानात आम्ही सूर्योदयाला पोहोचलो, तेव्हा धुक्यात दहा हातांपलीकडचे काहीच दिसत नव्हते. अर्धा तास केवळ ऐकण्यात गेला. तो वाया गेला असे मात्र मुळीच नाही. सारसाची जोडी एका सुरात हाक देते, नराच्या हाकेत मादी आपली हाक गुंफते, हे दृश्य नसतानाच नीट लक्षात आले. धुके विरळ होऊ लागले तसे तळे उलगडत गेले.

या तळ्याचा इतिहास मनोरंजक आहे. हा खोलगट, खारा भूभाग एके काळी मिठागरांसाठी ओळखला जात असे. दिल्लीत १९५० मध्ये होरेस अलेक्झांडर यांच्या पुढाकाराने पक्षिनिरीक्षकांची संस्था स्थापन झाली. इंदिरा गांधी तिच्या सदस्या होत्या. पुढे याच संस्थेचे काम पाहणारे, रॉयटर्स वृत्तसंस्थेचे दिल्लीतील प्रतिनिधी पीटर जॅक्सन यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहून सुलतानपूरच्या संरक्षणाची विनंती केली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी ते अभयारण्य झाले. २०२१ मध्ये त्याला रामसर कराराच्या यादीत स्थान मिळाले. एका पत्राने तळे वाचते, हे आम्हा पत्रव्यवहारात बुडालेल्या मंडळींना विशेष सुखावणारे वाटले.

तळ्याकाठी उभे राहून शिकण्याजोगी मुख्य गोष्ट म्हणजे पाण्याची वाटणी. एकाच पाण्यात शेकडो पक्षी असूनही भांडण फारसे दिसत नाही, कारण प्रत्येकाची खोली आणि हत्यार वेगळे. शेकाट्याचे लांब गुलाबी पाय त्याला उथळ पाण्यात चालू देतात. थापट्या बदकाची चोच पुढे चमच्यासारखी पसरट असून तिच्या कडांना चाळणीसारखे बारीक दात असतात. तो पाणी गाळून खातो. तलवार बदक लांब मानेमुळे शेपटी वर व डोके खाली करून तळाशी पोहोचते. चित्रबलाक चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात फिरवितो आणि मासा चोचीला लागताक्षणी ती मिटतो; त्याला गढूळ पाण्यात डोळ्यांची गरज नाही. बँकेच्या हॉलमधील खिडक्यांसारखीच ही व्यवस्था म्हणायची, फक्त येथे रांग कोणी मोडत नाही. काळ्याभोर अंगावर कपाळी पांढरा टिळा लावलेला पक्षी पाहून सोबतच्या हिंदीभाषक मित्रांना मराठीत याला ‘वारकरी’ म्हणतात असे सांगितले, तेव्हा त्यांना नाव फार आवडले. अशी मराठी नावे जमवून ‘पक्षिकोश’ सिद्ध करणारे मारुती चितमपल्ली त्या क्षणी आठवले.

किनाऱ्यावर पट्टकदंब हंसांचा थवा चरत होता. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पक्षी तिबेट, लडाख व मंगोलियाच्या उंच सरोवरांकाठी वीण करतो आणि हिमालय ओलांडून येथे येतो. विरळ हवेतील थोडा प्राणवायूही त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन इतर हंसांपेक्षा अधिक आवेगाने पकडते. इतका प्रवास करून आलेला पाहुणा शांतपणे गवत खात असतो आणि आपण मोबाइलवर त्याची छायाचित्रे काढण्यासाठी पुढे पुढे जातो. आमच्यातील एक-दोघे असे पुढे गेले. थवा उडाला आणि मार्गदर्शकांचा चेहरा उतरला. ते रागावले नाहीत, पण उडण्यात खर्च झालेली शक्ती या पक्ष्यांना पुन्हा खाऊनच भरून काढावी लागते, एवढेच म्हणाले.

उद्यानाबाहेर चंदू व बुढेरा या गावांच्या शिवारात आम्ही दुसरा अधिवास पाहिला. तेथे पाहण्यासारखे काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडतो: गहू-मोहरीची शेते, मध्ये मध्ये पडीक, खुरट्या गवताचे तुकडे. पण माळावर झाड नसल्यामुळे तेथील पक्ष्यांचे सारे जीवनच वेगळे असते. घरटे जमिनीवर, म्हणून अंगाचा रंग मातीचा. गाण्यासाठी बसायला फांदी नाही, म्हणून गाणे आकाशात. डोंबारी चंडोलाचा नर हवेत वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमिनीच्या अगदी जवळून पुन्हा उसळतो. त्याचे मराठी नाव ज्याने ठेवले त्याने हा खेळ नीट पाहिला असला पाहिजे. गप्पीदास, माळटिटवी, हरियाणाचा राज्यपक्षी काळा तित्तिर, गवतावरून तरंगत जाणारा भोवत्या यांची नोंद झाली.

धाविक मात्र दिसला नाही. तांबूस अंगाचा, पाच-दहा पावले धावून एकदम थबकणारा हा पक्षी मार्गदर्शकांना मागील हिवाळ्यात ज्या तुकड्यावर दिसला होता, तेथे आता कुंपणाची भिंत उभी होती आणि आत चुन्याच्या रेघांनी भूखंड आखलेले होते. ते काही वेळ भिंतीकडे पाहत उभे राहिले, मग गाडीत बसले. माझ्या मनात वेगळाच विचार होता. हरियाणाच्या जमाबंदीत अशा जमिनीपुढे ‘बंजर कदीम’ असे लिहिलेले असते, डोंगराळ जमिनीपुढे ‘गैर मुमकिन पहाड’. आपल्या सातबारावरचा ‘पोटखराबा’ त्यांचाच भाऊबंद. पीक देत नाही ती खराब, हा महसुलाचा हिशेब शतकाहून जुना आहे आणि कर्जप्रस्ताव तपासताना आम्हीही तो निमूटपणे पुढे चालवितो. तारणाच्या मूल्यांकनात धाविकासाठी रकाना नाही. सोलापूरजवळील नान्नजचा माळढोक ज्यांनी पाहिला वा ऐकला आहे, त्यांना माळ ‘रिकामा’ समजण्याची किंमत निराळी सांगावी लागणार नाही. वृक्षारोपणाच्या उत्साहातही अशा माळांवर खड्डे खणले जातात. झाड लावणे हे नेहमीच पुण्यकर्म असते असे नाही, हे मी त्या दिवशी प्रथमच शिकलो.

दुपारी दक्षिण दिल्लीतील असोला-भाटी अभयारण्य गाठले. हे अरवलीचे टोक. भाटीच्या परिसरात बांधकामासाठी ‘बदरपूर’ नावाची लाल रेती १९९० च्या सुमारापर्यंत खणली जात होती. खाणी बंद झाल्यावर उरलेल्या खोल खड्ड्यांत पाणी साचून निळी तळी झाली आहेत. टेकड्यांवर पसरलेली विलायती कीकर ही इंग्रजी अमदानीत आणलेली मूळची अमेरिकेतील वनस्पती. ती स्थानिक झाडाझुडपांना वाढू देत नाही. जवळच्या मांगर गावची देवराई, मांगर बनी, येथे मात्र अरवलीचे मूळ धाऊ वृक्ष श्रद्धेच्या बळावर टिकून आहेत. कोकणातील देवराया आठवाव्यात असेच ते ठिकाण.

येथे हिमालयाची खरी भेट झाली. उंचावरचे अनेक पक्षी हिवाळ्यात परदेशी न जाता केवळ डोंगर उतरून मैदानात येतात. दगडावर बसून शेपटी सतत थरथरविणारा थरथऱ्या त्यांपैकीच एक. दुसरा पाहुणा ह्यूमचा पर्णवटवट्या, वजनाने दहा ग्रॅमहूनही कमी, हिरवट, पानाआड अखंड हालणारा. त्याला दुर्बिणीत पकडता पकडता माझी मान दुखू लागली. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम म्हणजे १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामागील ह्यूमच. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी पक्ष्यांचा प्रचंड संग्रह केला होता. सुट्टी मिळत नाही ही तक्रार करताना आपण हे लक्षात ठेवावे, असा टोमणा मार्गदर्शकांनी मारलाच.

ज्या वाचकांना जावयाचे असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. सुलतानपूर मंगळवारी बंद असते. मातकट रंगाचे कपडे, वही, पेन्सिल आणि सलीम अली यांचे पुस्तक एवढे पुरे. असोल्यात पावसाळ्यात नवरंग वीण करण्यासाठी येतो. जुलैमध्ये त्याच वाटेने पुन्हा जाण्याचे आमच्या गटाने ठरविले असून, या वेळी मोबाइल गाडीतच ठेवण्याची अट सर्वांनी मान्य केली आहे.