अटक झालेल्या मनुष्याचे हक्क



यरुशलेमांत पौलास फटके मारण्यासाठीं बांधलें असतां, चौकशीवांचून रोमी नागरिकास असें मारणें कायदेशीर आहे काय, असें त्यानें शताधिपतीस विचारलें. तेवढ्या प्रश्नानें सरदारही भ्याला. पौलास आपला हक्क ठाऊक होता, म्हणून तो वांचला.

आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानें अटक झालेल्या मनुष्यास तीन मुख्य हक्क दिले आहेत. अटकेचें कारण त्यास लवकर कळविलें पाहिजे. पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊं दिला पाहिजे. आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आंत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढें त्यास नेलें पाहिजे. शत्रुदेशाचे नागरिक व प्रतिबंधक स्थानबद्धता हे येथें अपवाद होत.

परंतु कारण न समजणाऱ्या भाषेंत सांगितलें, तर त्याचा उपयोग काय? मुंबईच्या तुरुंगांतील स्त्रियांची स्थिति पाहून शीला बर्से ह्या पत्रकार बाईंनीं सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिलें. त्यावरून १९८३ सालीं न्यायालयानें आज्ञा केली कीं, अटक झालेल्यांचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजींत छापून प्रत्येक पोलीस कोठडींत लावावे, आणि आणलेल्या मनुष्यास ह्यांपैकीं समजेल त्या भाषेंत वाचून दाखवावे. पुढें ६ नोव्हेंबर २०२५ रोजीं, अमरावतींत जन्मलेले भूषण गवई सरन्यायाधीश असतां, त्यांच्या पीठानें महाराष्ट्रांतील एका खटल्यांत ठरविलें कीं, अटकेचीं कारणें त्या मनुष्यास समजणाऱ्या भाषेंत लेखी द्यावीं. तत्काळ शक्य नसल्यास तोंडी सांगावीं. पण कोठडी मागण्यासाठीं दंडाधिकाऱ्यापुढें नेण्याच्या निदान दोन तास आधीं तीं लेखी मिळालींच पाहिजेत. मेळघाटांतील कोरकू शेतकऱ्यास ह्या निकालाचें मोल किती, हें निराळें सांगावयास नको.

आणखी, अटकेची खबर आप्तास दिली पाहिजे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं स्त्रीस अटक करूं नये. अपवादात्मक प्रसंगीं स्त्री पोलीस अधिकाऱ्यानें दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घ्यावी. कोठडींतील मनुष्यास फुकट वकील मिळतो. त्यासाठीं अमरावती व अकोला येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावें, अथवा १५१०० ह्या क्रमांकावर दूरध्वनि करावा.

हे हक्क नम्रपणें मागावे. त्यांत पोलिसांचा अपमान नाहीं. अपराध सिद्ध झाल्यास न्यायालय शिक्षा देईलच. तत्पूर्वीं ती देण्याचा अधिकार कोणासही नाहीं. मुलांनों, ज्या शेजाऱ्यास अक्षर येत नाहीं, त्यास हें आज घरीं जाऊन वाचून दाखवा.