मुलासाठी ॲडव्होकेट निवडताना



अमेरिकेतील सरकारी शाळेत अपंगत्व असलेल्या मुलाला त्याच्या गरजेनुसार विनामूल्य शिक्षण मिळण्याचा हक्क १९७५ च्या कायद्याने दिला असून १९९० पासून तो कायदा ‘आयडिया’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. मुलाला कोणते शिक्षण व साहाय्य मिळेल हे सांगणारा आणि वर्षातून किमान एकदा तपासला जाणारा लेखी आराखडा म्हणजे ‘आयईपी’ होय. तो ठरवणाऱ्या बैठकीत शाळेची चारपाच जाणकार मंडळी एकीकडे आणि गोंधळलेले आईवडील दुसरीकडे असतात; शिवाय गुरुजनांना उलट बोलू नये हे मराठी घरातले वळण येथे मुलाला महागात पडते.

अशा वेळी सोबत येणारा ॲडव्होकेट बहुधा वकील नसतो. मुलाविषयी माहिती किंवा विशेष ज्ञान असलेली व्यक्ती बैठकीस आणण्याची मुभा कायद्याने पालकांना दिली आहे, त्या मुभेनुसार तो येतो; या कामासाठी केंद्र सरकारचा कोणताही परवाना लागत नसल्याने पारख पालकांनाच करावी लागते. फीचे बोलण्याआधी जो मूल्यमापनाचे अहवाल आणि जुने आयईपी वाचायला मागतो, आणि उद्दिष्टात ‘वाचन सुधारेल’ एवढेच लिहिलेले दिसताच मूल आज मिनिटाला किती शब्द वाचते, वर्षअखेर किती वाचावेत व ते कोण मोजणार असे विचारतो, तो कामाचा. निकालाची हमी देणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा; आवाज चढवणाऱ्यालाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच शिक्षकांसमोर मुलाला बसायचे असते.

खर्चाचा विचार आधीच करावा, कारण पालक खटला जिंकले तरी तज्ज्ञाची फी ‘आयडिया’खाली शाळेकडून वसूल होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला आहे. म्हणून प्रथम पालक प्रशिक्षण व माहिती केंद्र गाठावे. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारे असे किमान एक केंद्र प्रत्येक राज्यात असते (न्यू जर्सीत ‘स्पॅन’) आणि तेथील मार्गदर्शन विनामूल्य असते.

मात्र त्याही आधी शाळेकडे मुलाची संपूर्ण फाइल लेखी अर्जाने, तारीख घालून मागावी. आयईपीच्या बैठकीपूर्वी, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, ती पालकांना पाहू देणे शाळेवर बंधनकारक आहे.