इंजिन पुण्याहून जिंतूरला कसं आणावं?

प्रश्न : पुण्यात जीपचं जुनं डिझेल इंजिन घेतलंय. कमी खर्चात, न मोडता जिंतूरला कसं आणू?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : जिंतूरला रेल्वे नाही, परभणी स्टेशनवर उतरवलं तर पुढे टेम्पोचं भाडं वेगळं. त्यापेक्षा ट्रान्सपोर्टचा पार्ट लोड परवडतो. अख्खी गाडी करू नका.

आधी ऑइल आणि कूलंट पूर्ण काढा. गळकं इंजिन ट्रान्सपोर्टवाले घेत नाहीत. इनटेक, एक्झॉस्ट, डिझेलच्या नळ्या यांची तोंडं बुचांनी बंद करा. अल्टरनेटर, सेन्सर काढून वेगळ्या खोक्यात भरा. इंजिनचा भार ऑइल चेंबरवर कधीच येऊ देऊ नका, पत्रा चेपतो. जाड लाकडी पॅलेटवर माउंटिंगच्या जागी ठोकळे देऊन बोल्टने आवळा, वरून रॅचेट पट्टा. टायरवर नुसतं ठेवलेलं इंजिन घाटात कलंडतं.

बिल्टीवर वजन, किंमत आणि इंजिन नंबर लिहून घ्या. ‘ओनर्स रिस्क’ छापलेलं असेल तर विमा वेगळा काढा. माल गोडाऊनवरून स्वतः उचललात तर घरपोच डिलिव्हरीचे पैसे वाचतात. मात्र उतरवायला चेनपुली तयार ठेवा. आणि बसवल्यावर नव्या नंबरची आरटीओत नोंद विसरू नका.